आठ डिग्रीचा बर्फ

आधी चहा संपवा, मग सांगतो. कारण हे ऐकल्यावर तुम्ही माझ्या दुकानातून साधा बल्ब तरी न्याल की नाही, मला शंका आहे!

शहाद्यात माझं इलेक्ट्रिकचं दुकान. शाळा आठवीपर्यंत. पुढचं शिक्षण मालाच्या खोक्यांतून निघणाऱ्या छापील कागदांनी दिलं. ते कागद वाचून वाचून मोटार, स्टार्टर, पॅनल सगळं शिकलो. मग गावात नाव झालं आणि कागद वाचणं सुटलं. माझं वाटोळं तिथूनच सुरू झालं.

सलीम माझा लंगोटीयार. केळीचा व्यापारी. घरात हिंदी बोलतो, पण बाजारात त्याची अहिराणी ऐकलीत तर माझी लाजेल. त्यानं प्रकाशा गावाच्या रस्त्याला केळी पिकवायची थंड खोली बांधली. खोली अठरा डिग्रीवर राहिली की केळं सोन्यासारखं पिवळं होतं. थंडी जास्त झाली की ते आतून दगावतं. मग त्याला देवसुद्धा पिकवू शकत नाही. रमजान तोंडावर आला होता. पहिल्या रोज्याला गावभरच्या इफ्तारीत आपलीच केळी असावी, एवढी एकच हौस होती गड्याला. छतापर्यंत माल रचला होता.

तापमानाचा प्रोब मीच मागवून दिला. प्रोब म्हणजे काय? पेन्सिलीएवढी स्टीलची नळी, आणि तिच्या टोकात प्लॅटिनमची केसाहून बारीक तार. गरम झालं की ती विजेला जास्त अडवते, गार झालं की कमी. किती अडवते ते मोजून मीटर डिग्री दाखवतो आणि त्याच आकड्यावर थंडीचं मशीन चालू-बंद करतो. मोठ्या कारखान्यांत हेच वापरतात. मी सलीमला म्हणालो, "अरे, प्लॅटिनम आहे! माणूस खोटं बोलेल, हे नाही बोलणार."

नळीतून तारा निघाल्या तीन. दोन लाल, एक पांढरी. टेस्टर लावला, तर दोन्ही लाल आतून एकमेकींना जोडलेल्या. आता तुम्हीच सांगा, एकाच जागी जाणाऱ्या दोन तारा कशाला? मी लगेच ओळखलं, कंपनीनं एक जादाची दिलीय. शर्टाला शिवतात ना जादाचं बटण, तशी!

प्रोब खोलीच्या पार टोकाला, मीटर बाहेर दारापाशी. कंपनीनं त्यासाठी जाडजूड तीन तारांची केबल पाठवली होती. दोन तारांचं काम, त्याला तिहेरी केबल? माझ्यातला व्यापारी कळवळला. दुकानात डोअरबेलची बारीक वायर पडून होती, तीच ओढली. मीटर चालू केला तर पडद्यावर नुसत्या रेघा! बिचारा आपल्या परीनं ओरडत होता की काहीतरी कमी आहे. मी त्याच्या तिसऱ्या तारेच्या रिकाम्या जागेत तारेचा एक तुकडा कोंबला. झाला गप्प. आकडा आला.

ती चांगली केबल घरी नेली आणि गच्चीवर बांधली. कपडे वाळत घालायला.

बायको म्हणाली, "अहो, इतली भारी वायर कपडासाठे? ज्या कामले उनी, त्या कामले लावा ना."

"तुला त्यातलं काय कळतं?" असं मी म्हणालो. हो, मीच म्हणालो.

वर सलीमला चारचौघांत शब्द दिला, "एक घड जरी बिघडला, तर सगळा माल माझा!"

दुसऱ्या दिवशी गेलो. मीटरवर बरोब्बर अठरा. सलीम आत कानाला मफलर गुंडाळून उभा.

"शेठ, आठे या खोलीमा भलती थंडी शे रे!"

"अठराच आहे."

"मन्हा दात वाजी ऱ्हायनात!"

"तुझं वय झालं. हे बघ, मी कसा उभा आहे." आणि त्याला दाखवायला मी शर्ट काढला! छातीवर काटा, ओठ निळे, तरी तोंड चालूच: "अंग म्हणजे अंदाज, सलीम. प्लॅटिनम म्हणजे पुरावा."

पुढं केळी पिवळी होईनात. हिरव्याची राखाडी व्हायला लागली. रोजा परवावर आला.

सलीम ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "भाऊ, मन्हा माल मरी ऱ्हायना."

पण माघार? आणि ती मी घेणार? म्हटलं, आत्ता सिद्ध करतो! वितळता बर्फ म्हणजे शून्य डिग्री, एवढं मला खोक्यातल्या कागदानं शिकवलं होतं. रसवंतीवाल्या बापूकडून बादलीभर बर्फ मागवला, फोडला, थोडं पाणी घातलं आणि प्रोब त्यात बुडवला. बघायला दहा-बारा हमाल जमले. आकडा उतरत उतरत आला आणि थांबला.

आठ.

शहाण्या माणसानं इथं काय म्हणावं? मी म्हणालो, "बापू, बर्फात भेसळ आहे!"

बर्फ घेऊन आलेला बापू भडकला, "मी गरम बर्फ इकस, तर तुम्ही काय थंडा गिझर इकतस का?"

मासळीवाल्याकडचा बर्फ आणवला. त्यातही आठ!

"दोघं मिळालेले आहेत!" मी म्हणालो. देवाशपथ म्हणालो.

तेव्हा सलीमनं मुठीएवढा खडा उचलला आणि शांतपणे माझ्या कॉलरमधून आत सोडला. "सांग शेठ. कितली डिग्री?"

पाठीला प्लॅटिनम लागत नाही हो. तिला कळलं.

सगळ्यांसमोर कंपनीच्या इंजिनियरला फोन लावला. स्पीकर चालू ठेवला, म्हणजे कंपनीचीच अब्रू जाईल.

"तुमचा प्रोब खोटा आहे, साहेब."

"तारा किती ओढल्या?"

"दोन. तिसरी जादाची होती."

मग साहेब लहान मुलाला समजवावं तसं बोलले, "काका, लांब वायर स्वतःही विजेला अडवते. मीटर तेही प्रोबचंच समजतो आणि आकडा वाढवतो. वायर किती अडवते ते तिसऱ्या तारेमुळं कळतं, आणि मीटर तेवढं वजा करतो. तुमची बारीक वायर आठ डिग्री फुकट वाढवतेय. मीटर अठरा म्हणत होता तेव्हा आत दहाच होते. ती तीन तारांची केबल कुठंय?"

"गच्चीवर."

"तिथं काय मोजताय?"

माझ्या आधी सलीमच बोलला, "शेठना बनियन."

हमाल जमिनीवर लोळले. मी हसलो नाही. समोर छतापर्यंत मेलेली केळी होती.

केबल गच्चीवरून काढून आणली, तिन्ही तारा जोडल्या. बर्फ शून्यावर आला. खोली सुधारली, माल काही सुधारला नाही. दिल्या शब्दानं तो माझा झाला. दुकानासमोर घड उतरले. बायकोनं भाजी केली, भजी केली, वेफर तळले, मग हात जोडले. गाईंना घातली, तर त्यासुद्धा हुंगून पुढं गेल्या. सलीमनं इफ्तारीसाठी दुसऱ्याकडून केळी आणली, स्वतःच्या नव्या खोलीकडं पाठ करून.

पहिल्या रोज्याला त्यानं बोलावलं. मला वाटलं होतं, आता हा जन्मात बोलावणार नाही. गेलो, खाली मान घालून बसलो. सगळ्यांच्या ताटात खजूर, कलिंगड आणि पिवळीधमक केळी.

माझ्या ताटात एकच केळं. राखाडी. दगडासारखं.

"तुन्हासाठे राखीसन ठेवं," सलीम म्हणाला. "खाय."

खाल्लं. करतो काय? माल माझाच होता.