अण्णांनी निवडलेला मिक्सर

कन्सोल निवडण्यात मी चार महिने घालवले आणि शेवटी तो अण्णांनी दहा मिनिटांत निवडला. अण्णा म्हणजे माझे वडील. कन्सोल म्हणजे काय हे त्यांना आजही विचारलं तर ते "ते बटनांचं" एवढंच सांगतील.

मी नवीन जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत डिस्पॅचला आहे. घराच्या गच्चीवर एक खोली आहे, तिथे माझा स्टुडिओ. स्टुडिओ मी म्हणतो, बायको "वरची खोली" म्हणते. भिंतींवर जुन्या गोधड्या ठोकलेल्या, मधोमध कॉम्प्युटर, त्याला दोन माइक लावता येतील अशी एक छोटी डबी, आणि हेडफोन. "शेतकरी बंधूंनो" अशी सुरुवात होणाऱ्या ज्या जाहिराती रिक्षावर भोंगा लावून फिरवतात, त्या मी तिथे तयार करतो. पेरणीच्या तोंडावर माझा आवाज राजूरपासून आष्टीपर्यंत हिंडत असतो आणि मी ऑफिसात पोती मोजत बसलेला असतो.

पण माणूस जाहिरातींवर किती दिवस समाधान मानणार? आमच्या कॉलनीतल्या मारुती मंदिराचं भजनी मंडळ एकदा नीट रेकॉर्ड करावं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. आठ माणसं म्हणजे आठ माइक, आणि आठ माइक म्हणजे कन्सोल आलाच. सगळ्यांचे आवाज एका ठिकाणी आणून कमीजास्त करायचं ते यंत्र, आमच्याकडे त्याला मिक्सर म्हणतात. मी डायरीत यादी केली. सगळ्यात वर लिहिलं: प्रत्येक माइक कॉम्प्युटरमध्ये वेगवेगळा गेला पाहिजे. म्हणजे जो बेसूर गाईल त्याला नंतर गुपचूप खाली आणता येतं आणि मंडळात कुणाचं मन दुखावत नाही. खाली आणखी बारा-तेरा मुद्दे होते. खरं सांगायचं तर त्यातला एक "दिवे छान हवेत" असाही होता. मोबाइलवर मी इतके व्हिडिओ पाहिले की बायको म्हणाली, "मला बघायला आल्ते तेव्हा तर अर्ध्या तासात हो म्हणले होते की."

आता अण्णांचं सांगतो. अण्णा पखवाज वाजवतात. आष्टीला शेती करत होते तेव्हाही वाजवायचे, माझ्याकडे जालन्याला राहायला आल्यावर मारुतीच्या मंडळात बसू लागले. दर शनिवारी संध्याकाळी पखवाज खांद्याला अडकवून निघायचे ते थेट साडेदहाला परत, आणि आल्यावर जेवताना कोण कुठे चुकलं याची साग्रसंगीत हजेरी घ्यायचे. मग हळूहळू कान कमी झाले. कानातलं यंत्र आणलं, पण पखवाजावर थाप पडली की ते तडतडायचं. "यंत्र शिट्ट्या मारून राह्यलं," म्हणून त्यांनी ते काढून कपाटात ठेवलं. यंत्राशिवाय त्यांना पेटी नीट ऐकू येईना, गाणारे कुठे आहेत ते कळेना. एका शनिवारी ते म्हणाले, गुडघा दुखतोय. पुढच्या शनिवारीही गुडघाच. नंतर आम्ही विचारायचं सोडलं. पखवाजावर गवसणी चढली ती चढलीच, आणि त्याला दोन वर्षं झाली. मंडळाने एक कॉलेजातला मुलगा बसवला. चांगला वाजवतो, पण मला तो उगीचच आवडत नाही.

हेडफोनची कल्पना मला रविवारी सकाळी अंघोळ करताना सुचली. अण्णांच्या कानावर चांगले जाड हेडफोन बसवायचे, त्यात पेटी आणि गाणं मोठ्याने सोडायचं, पखवाजासमोर माइक ठेवून त्यांचा स्वतःचा आवाजही त्यातच द्यायचा. यंत्रही नको आणि शिट्ट्याही नकोत. मी ओल्या केसांनीच बाहेर आलो, पखवाज काखेत मारला आणि अण्णांना हात धरून वर नेलं. मंडळाचं मोबाइलवर घेतलेलं एक भजन कॉम्प्युटरवर लावलं. हेडफोन घातल्याबरोबर अण्णांचा चेहरा उजळला. "पेटी ऐकू येऊन राह्यली की रे!" ते इतक्या मोठ्याने ओरडले की खालून बायको धावत आली.

मग त्यांनी वाजवायला घेतलं. दुसऱ्या आवर्तनालाच ते अडखळले. थांबले, पुन्हा धरलं, पुन्हा अडखळले. तिसऱ्यांदा त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"माझा हात मागं पडून राह्यला," ते म्हणाले. "थाप मारतो आधी अन् येते नंतर. कान गेलेच, आता हातही गेला." त्यांनी हेडफोन काढून दोन्ही हातांनी अलगद टेबलावर ठेवले आणि खाली गेले.

मी हेडफोन घातले आणि पखवाजावर टिचकी मारली. टिचकी मारली आणि मग, क्षणभराने, ती ऐकू आली. मी कपाळावर हात मारला. माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये जात होता, तिथून फिरून हेडफोनात येत होता आणि त्या फेरीत त्याला उशीर होत होता. जाहिरात वाचताना एवढं जाणवत नाही, मी कधी लक्षच दिलं नव्हतं. पण पखवाज वाजवणाऱ्याला तेवढा उशीर म्हणजे सगळंच गेलं.

मी धावत खाली जाऊन अण्णांना हे समजावलं. एकदा, दोनदा, कागदावर चित्र काढून. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "राहू दे. तू माझं मन राखून राह्यला."

त्या दिवशी मला स्वतःचा इतका राग आला की विचारू नका. आजवर अण्णा फक्त कान गेले असं समजत होते. हात गेला हा समज मी करून दिला होता, माझ्या शहाणपणाने, माझ्याच स्टुडिओत. आणि तो आता शब्दांनी निघणार नव्हता.

डायरीतली यादी मी खोडली नाही, पण तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता सरळ कानात. डबा खाता खाता शोध सुरू झाला. कन्सोलवर प्रत्येक माइकच्या रांगेत एक जास्तीचं फिरवायचं बटण असतं, त्याला ऑक्स म्हणतात. रेकॉर्डिंगला काहीही जावो, त्या बटणाने एका माणसाच्या हेडफोनात वेगळं मिश्रण पाठवता येतं. पेटी जास्त, टाळ कमी, ज्याला जसं हवं तसं. आणि ते जातं तारेतून थेट, कॉम्प्युटरचं तोंडही न बघता. हे वाचलं तेव्हा तोंडातला घास तसाच राहिला.

स्टेशनच्या बाजूला मिरवणुकांचे स्पीकर, मिक्सर, पेट्या, कॅसिओ असं सगळं विकणारं एक दुकान आहे. तिथे अण्णांना न्यायचं कसं? "वाजवायला चला" म्हटलं असतं तर गुडघा दुखला असता. मी म्हणालो, "दुकानात पखवाजावर माइक लावून बघायचाय. मला काही वाजवता येत न्हाई. तुम्ही नुसतं धरून बसा." अण्णा कुरकुरत रिक्षात बसले. निघताना बायकोने त्यांच्या हातात स्टीलचा छोटा डबा दिला. त्यात मळलेली कणीक होती. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावल्याशिवाय तो बोलत नाही. अण्णांनी झाकण उघडून पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि झाकण लावलं.

दुकानदार मोठा उत्साही माणूस. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात स्वतः गायचा. त्याने आधी मला एक यंत्र दाखवलं, त्यात म्हणे आवाज विहिरीतून आल्यासारखा करता येतो. मी म्हटलं, आमचं मंडळ विहिरीबाहेर बसतं. मग त्याने माझ्या चार महिन्यांच्या स्वप्नातलं यंत्र काढलं. मोठा स्क्रीन, सोळा माइक, सोळाही कॉम्प्युटरमध्ये वेगवेगळे, आणि दिवे तर काय, दिवाळीच. कानात आवाजही वेळेवर जात होता. पण अण्णांच्या हेडफोनात पेटी वाढवायची तर आधी एक बटण दाबायचं, मग स्क्रीनवरचं पान बदलायचं, मग काचेवर बोट फिरवायचं. ते सगळं अण्णांना कुठून जमणार? दर वेळी त्यांना मला हाक मारावी लागली असती.

"साधा काही न्हाई का?" मी विचारलं.

त्याने कोपऱ्यातून एक करडा मिक्सर उचलून आणला. स्क्रीन नाही, दिवा एकच. बारा माइक लागत होते, पण कॉम्प्युटरमध्ये सगळ्यांचा मिळून एकच काला जाणार. नंतर कुणालाही गुपचूप खाली आणायची सोय नाही. माझ्या यादीतली पहिली ओळ तिथेच गेली. पण प्रत्येक रांगेत ऑक्सचं जाडजूड लाल बटण होतं.

दुकानदार कॅसिओवर बसला, समोर स्वतःला माइक घेतला आणि भजनाची चाल धरली. मी अण्णांना हेडफोन घातले, पखवाजासमोर माइक ठेवला. "नुसतं धरून बसा," मी पुन्हा म्हणालो. ते धरून बसले. दुकानदार गात होता. कडव्यामागून कडवं जात होतं. मग अण्णांनी हळूच डबा उघडला, कणकेचा गोळा काढला, डाव्या तोंडाला लावून अंगठ्याने दाबून बसवला आणि एक थाप मारली.

थांबले. स्वतःच्या हाताकडे बघितलं. आणखी एक मारली.

"हे तर संगंच येऊन राह्यलं," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी धरलं. दोन वर्षांचं साचलेलं सगळं त्या दुकानात बाहेर पडलं. दुकानदार गाता गाता हसायला लागला, रस्त्यावरून जाणारी माणसं दारात थांबली, एक रिक्षावाला तर रिक्षा चालू ठेवून आत आला. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. मध्येच अण्णांनी मान वर केली, मिक्सरकडे हात लांबवला आणि न विचारता, न शिकवता एक लाल बटण डावीकडे फिरवलं. त्यावर दुकानदाराचा माइक होता.

"काका, मलाच कमी केलं का?" दुकानदार गाणं सोडून म्हणाला.

अण्णांना ते ऐकूच गेलं नाही. त्यांनी त्याला पुरता कमी केला होता.

बटणाला कणीक चिकटली होती. "आता हा पीस मी कुणाला विकू, साहेब?" दुकानदार म्हणाला, आणि खोकं आणायला आत गेला.

रिक्षात अण्णांनी बोटांवरची कणीक पुसली. मग म्हणाले, "मंग त्या दिवशी खरंच कॉम्प्युटरचा दोष होता?"

"हो अण्णा."

"मंग बराबर सांगायचं न्हाई का तवाच!"

पुढच्या रविवारी सकाळी मंडळ आमच्या वरच्या खोलीत आलं. आठ माणसं त्या एवढ्याशा खोलीत, आवाज नको म्हणून पंखाही बंद. प्रत्येकाला स्वतंत्र माइक मिळाल्यामुळे सगळे ताठ बसले होते. पेटीवाले काका म्हणजे मंडळातले सगळ्यात जुने, अण्णांचे दोस्त. कॉलेजातल्या मुलाने आपण होऊन टाळ घेतले. त्या दिवसापासून तो मला आवडतो. भजन सुरू झालं, सुरेख चाललं होतं, मी कॉम्प्युटरवर रेघा नाचताना बघत होतो. आणि हेडफोन घातलेल्या माणसाला आपण किती मोठ्याने बोलतो ते कळत नाही, तसे अण्णा एकदम गरजले, "अरे, पळून कुठं राह्यला तू? गाडी चुकून राह्यली का तुझी?"

पेटी थांबली. सगळे टाळ थांबले.

"मी पळून राह्यलो?" पेटीवाले काका लालबुंद झाले. "तूच मागं राह्यला, लेका! दोन वर्षं घरी बसला अन् आता मला शिकवतो का?"

"मला सगळं ऐकू येऊन राह्यलं. तू दुसऱ्या कडव्यापासून पळतोस."

"बिलकुल न्हाई!"

मी रेकॉर्डिंग बंद करायला हात पुढे केला आणि तसाच थांबलो. मंडळातल्या शेवटच्या दिवसांत अण्णा ताल चुकायचे तेव्हा हेच काका मान खाली घालून "चालतंय अण्णा, चालतंय" म्हणायचे, पेटी सावकाश करायचे, सगळे मिळून त्यांना सांभाळून घ्यायचे. अण्णांना ते कळत होतं. गुडघा त्यामुळेच दुखायला लागला होता. आणि आज हा माणूस त्यांना लेका म्हणून घामाघूम होत भांडत होता, जराही सांभाळून न घेता.

"शनिवारी ये मंदिरात," काका पेटीचा भाता बंद करत म्हणाले. "सगळ्यांसमोर दाखवतो कोण पळतं ते."

अण्णांनी हेडफोनवर हात ठेवून नीट ऐकून घेतलं.

"येतो ना, हे बटनांचं घेऊन," ते म्हणाले. "भिऊन राह्यलो का काय तुला?"