हजारदिवसे भाऊजींचा पत्र्याचा डबा

माझे धाकटे दीर लिफ्ट दुरुस्त करतात. सकाळी अवजारांची पिशवी खांद्याला लावून निघतात आणि दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या गच्चीवरच्या यंत्रखोलीत वाकून बसलेले असतात. पण नातेवाइकांत त्यांची ओळख आहे ती फोन, संगणक, घड्याळे, स्पीकर यांच्याविषयीच्या मतांमुळे. बाजारात काही नवे आले की कोणीतरी त्यांना विचारतेच, "घेऊ का?" आणि भाऊजींचे उत्तर ठरलेले असते, "हजार दिवसांनी सांगतो."

ही थट्टा नाही. वस्तू घरात आली की ते वहीत तारीख टाकतात आणि हजारावा दिवस उजाडेपर्यंत तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. त्या दिवशी दोन-तीन ओळींत मत लिहितात. तोवर ती वस्तू दुकानातून केव्हाच नाहीशी झालेली असते. माझे यजमान म्हणतात, "ह्याचं मत म्हणजे वरातीमागून घोडं." भाऊजींना 'हजारदिवसे' हे नाव पडले ते असे. माझी जाऊ तर चारचौघांत सांगते, "लग्नाला हजार दिवस झाले तेव्हा मी मुद्दाम विचारलं, काय मत? तर म्हणाले, चालू आहे, अपडेट नको."

नवे घेतले तरी जुने टाकायचे नाही, हा त्यांचा दुसरा नियम. निवृत्त फोन ते बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात. प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर आकडा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी डबा उघडतो, सगळे फोन ओळीने मांडले जातात, चार्ज होतात, एकदा सुरू करून बंद होतात आणि परत डब्यात जातात. नेटला मात्र एकही जोडायचा नाही. जाऊ या डब्याला वृद्धाश्रम म्हणते. "आज ह्यांचा भेटीचा दिवस," असे सांगून ती रविवारचा स्वयंपाक लवकर उरकते, कारण त्या दिवशी ओट्यावरचे प्लग रिकामे मिळत नाहीत.

मीही हसायचे. माझा जीव नव्या वस्तूंत. नवे म्हणजे सुरक्षित, असे माझ्या भित्र्या स्वभावाने कधीच ठरवून टाकले होते. त्याचे कारण माझी लेक. ती चौथ्या वर्षापासून दोन्ही कानांना श्रवणयंत्रे लावते. पहिल्यांदा ती लावली तेव्हा तिने वर्तमानपत्राचे पान हातात धरले आणि ते पुन्हा पुन्हा चुरगाळत राहिली. कागदाला आवाज असतो, हे तिला त्या दिवशी कळले. तेव्हापासून तिच्या कानामागच्या त्या वस्तूकडे मी देवाकडे पाहावे तशी पाहत आले आहे, आणि तितकीच घाबरतही आले आहे.

सध्याची जोडी पाच वर्षांपूर्वीची. वाटाण्याच्या शेंगेएवढी. तिला बटण नाही. फोनवरच्या ॲपमध्ये तीन चित्रे आहेत: घर, वर्ग आणि रस्ता. ज्या चित्रावर बोट ठेवावे तसे यंत्र ऐकू लागते. 'वर्ग'वर ठेवले की खोलीच्या टोकाचा माणूस जवळ येतो, 'रस्ता'वर ठेवले की हॉर्न आणि गर्दी दूर जातात. भाऊजींनी ती जोडी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "वहिनी, एके काळी खोलीभर पसरलेला संगणक लागला असता असं काम ह्या शेंगेत चाललंय. आणि आपण कव्हर कुठल्या रंगाचं घ्यायचं त्यावर भांडतो."

यंदा लेकीने यंत्रांची आरेखने काढायला शिकवणाऱ्या संस्थेत अर्ज केला. जागा वीस, मुलाखत वर्षातून एकदाच, सोमवारी सकाळी. लांब टेबलापलीकडे पाच परीक्षक बसणार होते. गुरुवारी दुपारी ती वाचनालयातून आली, फोन चार्जिंगला लावला आणि आंघोळीला गेली. फोनवर लाल ठिपका दिसत होता. 'आपल्या सुरक्षिततेसाठी अद्ययावत करा.' सुरक्षितता हा शब्द वाचला की माझा हात आपोआप पुढे होतो. मी दाबले.

ती बाहेर आली, यंत्रे कानात घातली आणि ॲप उघडले. पडद्यावर एकच ओळ होती: हे उपकरण आता जोडता येणार नाही.

"आई, मी रस्त्यावरून आलेय," ती म्हणाली.

मला आधी समजलेच नाही. मग उमगले. यंत्र 'रस्ता'वर अडकले होते. मी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून बोलत होते, आणि ती माझ्या ओठांकडे बघत होती. कितीतरी वर्षांत तिने तसे बघितले नव्हते.

शुक्रवारी आम्ही कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो. काउंटरवरची मुलगी गोड बोलली. हे मॉडेल आता बंद झाले, नवी जोडी घ्या, पण ती कानांना जुळवायला तीन आठवडे लागतील. तिथून कान तपासणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी खरोखर प्रयत्न केला, पण त्यांच्याही संगणकावरची यादी नवी झाली होती आणि तिच्यात आमची जोडी नव्हती. परतताना लेक म्हणाली, "आई, मी ओठ वाचीन." मी मान डोलावली. पाच माणसांचे ओठ, त्यातले दोघे-तिघे मिशांचे, एखादा खाली कागदात बघून बोलणारा. घरी न जाता मी तिला घेऊन थेट दिरांकडे गेले.

भाऊजी नुकतेच कामावरून आले होते, हाताला ग्रीस होते. सगळे ऐकून घेतले. मी म्हणाले, "माझ्यामुळे झालं हो. माझी बोटं तोडून टाकावीत."

"बोटं राहू देत, चहा करायला लागतील," जाऊ म्हणाली.

भाऊजींनी हात धुतले आणि वही काढली. "वहिनी, जोडी घेतली तेव्हा ठमीकडे फोन नव्हता. आठवतंय?" ठमी हे त्यांनीच ठेवलेले लेकीचे लाडके नाव. "महिनाभर माझ्या फोनवरून चालवली होती." बोट ओळींवरून सरकत गेले आणि थांबले. "सात नंबर."

डबा उघडला. सात नंबरचा फोन निघाला, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला. चालू केला. बॅटरी शहाण्णव टक्के. वृद्धाश्रमात भेटीचा रविवार नुकताच होऊन गेला होता. भाऊजींनी सर्वांत आधी विमानाचे चित्र दाबून त्याचे नेट तोडले. "ह्याला जगात काय बदललं ते कळता कामा नये. कळलं की हाही म्हणेल, मला जमणार नाही."

आणि त्या जुन्या पडद्यावर, पाच वर्षांपूर्वी होते तसेच ॲप होते. घर, वर्ग, रस्ता. ब्लूटूथ चालू केले. यंत्रे नव्याने सुरू व्हावीत म्हणून लेकीने त्यांच्या बॅटरीची झाकणे उघडून मिटली. फोन शोधत राहिला, शोधत राहिला. सापडले नाही. दुसऱ्यांदाही नाही.

भाऊजी मात्र लिफ्टच्या खटक्याकडे पाहावे तसे शांतपणे पाहत होते. "घरातले सगळे फोन बंद करा. स्पीकरही. ठमीचा फोन आधी. तो अजून हिच्या कानांना हाका मारत असणार, आणि ती बिचारी यंत्रं कोणाकोणाला ओ देतील?"

जाऊने स्पीकरचा प्लग खेचला. घर एकदम मुके झाले. तिसऱ्यांदा झाकणे मिटली. पडद्यावर गोल फिरत राहिला, आणि मग दोन छोटी हिरवी टिंबे उजळली. डावा. उजवा.

भाऊजींनी फोन लेकीपुढे धरला. "तू दाब."

तिने 'वर्ग'वर बोट ठेवले आणि मान किंचित वळवली, आपल्यामागे कोणी उभे असल्यासारखी. "काकू, तुमचा नळ गळतोय," ती म्हणाली.

मी खुर्चीत बसले. खरेच गळत होता, स्वयंपाकघरात, थेंब थेंब. मला चांगले कान असून तो ऐकू आला नव्हता.

"महिना झाला सांगतेय ह्यांना," जाऊ म्हणाली. "जगाच्या लिफ्टा दुरुस्त होतात."

भाऊजींचे समाधान एवढ्याने होणार नव्हते. त्यांनी लेकीला भिंतीकडे तोंड करून डोळे मिटायला लावले, वही घेऊन ते व्हरांड्याच्या टोकाला गेले आणि एरवी बोलतात त्याहून हळू वाचू लागले. तिने प्रत्येक ओळ मोठ्याने परत सांगायची.

"पावलं मोजणारं घड्याळ," तिकडून आवाज आला.

"पावलं मोजणारं घड्याळ. दिवस हजार. मी लिफ्टमध्ये वर जातो तेव्हा ते मला आळशी म्हणतं," लेक म्हणू लागली. "काळा फोन. बॅटरी माझ्यासारखी, सकाळी उत्साह, दुपारी झोप. मागचं झाकण उघडत नाही. जे उघडत नाही ते आपलं नाही, भाड्याचं. बोलणारा स्पीकर..." ती हसायला लागली. "काका, हे मोठ्यानं म्हणू?"

"म्हण."

"घरात माझं ऐकून घेणारा हा एकटाच, पण चुगलखोर वाटतो."

"वाटलंच मला," जाऊ म्हणाली.

मग एक ओळ आली ती लेकीने जरा थांबून सांगितली. "आमच्या कंपनीला जुन्या लिफ्टचे भाग वीस-वीस वर्षं ठेवावे लागतात, कारण लिफ्ट अडकली की आत माणूस अडकतो. संगणकवाल्यांची वस्तू अडकते तेव्हा आतला माणूस कोणाला दिसत नाही."

एक शब्दही चुकला नव्हता. भाऊजी व्हरांड्यातून आले ते वहीत बघत. ज्यांना आम्ही वर्षानुवर्षे हसलो, त्या माणसाने कोणाचे कधी काय अडेल हे माहीत नसताना दर महिन्याला सात नंबरला जागे ठेवले होते. मी देवाला खूप गोष्टींसाठी हात जोडले आहेत. त्या संध्याकाळी मी पत्र्याच्या डब्याकडे बघत बसले.

सोमवारी लेक सात नंबर पर्समध्ये घालून गेली. मी संस्थेच्या फाटकाशी उभी होते. ती बाहेर आली.

"पाचही जणांचं ऐकू आलं," ती म्हणाली. "कोपऱ्यातले एक गृहस्थ सारखं पेन टिकटिकवत होते. फार राग येत होता त्यांचा."

यादी लागली. तिचे नाव अकरावे.

त्यानंतर तिने भाऊजींना विचारले, "काका, माझ्या जोडीवर तुमच्या वहीत मत का नाही? हजार दिवस तर केव्हाच झाले." ते म्हणाले, "ज्याच्या कानात, त्याचं मत. मी फक्त तारीख टाकली होती." आणि वही तिच्यापुढे सरकवली. तिने लिहिले: 'श्रवणयंत्र. दिवस १८५२. वस्तू उत्तम. बनवणाऱ्यांना घाई फार. कागदाचा आवाज अजून आवडतो.' भाऊजींनी खाली सही करायला लावली.

नवी जोडी कधीतरी घ्यावी लागणारच, हे मला कळते. कान तपासणाऱ्या बाईंकडे नावही नोंदवून ठेवले आहे. तोवर सात नंबर आमच्याकडे आहे, लेकीला लागत नाही तेव्हा कपाटात, मऊ फडक्यात. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तो चार्ज करते. विमानाचे चित्र उजळलेले आहे ना, ते एकदा बघते, मग चष्मा लावून पुन्हा बघते. मागच्या रविवारी माझ्याच फोनवर लाल ठिपका आला, तेव्हा मी भाऊजींना फोन करून विचारले, "दाबू का?"

"तुमचा ना? दाबा की," ते म्हणाले. मग जरा थांबून, "वहिनी, आधी सात नंबर दुसऱ्या खोलीत ठेवा."