वर्ज्य आणि आवर्जून

लातूरच्या शाळेत इतकी वर्षं मराठी शिकवतेय, पण एक शब्द मला माझ्याच बापाला शिकवता आला नाही.

अप्पांच्या किडन्या थकल्या तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी माझ्यादेखत बजावलं, "लोणचं, पापड, खारे दाणे वर्ज्य." अप्पांनी मान डोलावली. मी लातूरला परतले. ते देवणीला आपल्या दुकानात जाऊन बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, की डॉक्टरांनी लोणचं आवर्जून खायला लावलंय. पुढच्या रविवारी मी गेले तर शेजारच्या काकू लोणच्याची वाटी घेऊन दारात उभ्या. "औषधाला लागतंय म्हणले, म्हणून नवीन बरणीतलं आणलं," म्हणाल्या.

मी कपाळावर हात मारला. "अप्पा, वर्ज्य म्हणजे टाळायचं. आवर्जून म्हणजे मुद्दाम करायचं."

"एका 'आ'चा तर फरक हाय," अप्पा म्हणाले. "डॉक्टर लई हळू बोलतेत. मला 'आ' ऐकू आला."

मग मी शब्द बदलून पाहिले. निषिद्ध म्हटलं, तर ते पोथीतलं, दुकानदाराला लागू न्हाई. मनाई म्हटलं, तर ती भिंतीवर लिहिलेली असती आणि लोक तिथंच उभे राहतेत. बंद म्हटलं, तर बाजार बंद असला तरी मागच्या दारानं सगळं मिळतंय. शेवटी आईनं घरातला शब्द काढला, "चालत न्हाई तुमाला." त्यावर म्हणाले, "सोमवारी चालत न्हाई. आज मंगळवार."

मला संताप यायचा. शाळेतून फोन केला की आवाज चढायचा आणि स्टाफरूममधल्या सगळ्याजणी वह्या तपासायचं सोडून माझ्याकडे बघायच्या. मी इकडे काळजीनं अर्धी झालेली, आणि हा माणूस पाय सुजलेले असताना माझ्याशी शब्दांचे खेळ खेळत बसलेला. शब्द त्यांना पहिल्याच दिवशी कळला होता, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

मागच्या खेपेला डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं. "आता काहीच वर्ज्य नाही," म्हणाले. "मागतील ते द्या."

घरी आल्यावर मी वरणभाताशेजारी लोणच्याची एक फोड वाढली. आई बघतच राहिली. मी ताट अप्पांपुढे ठेवलं आणि समोर बसले. त्यांनी फोडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात मांडीवरून हलला नाही.

"आज काई म्हणली न्हाईस," ते म्हणाले.

मी भातावर आणखी वरण वाढलं.

"म्हण की बाई."

"वर्ज्य आहे, अप्पा," मी म्हटलं. "किती वेळा सांगायचं?"

तेव्हा कुठे त्यांनी फोड उचलली.