राणीची दोन वाक्यं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि तो तर रोज सकाळी माझ्या शेजारी उभा राहून डबा भरतो. सांगून हलकं वाटेल, असंही नाही. थकलेय, इतकंच.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही जपानात, सेंदाईला आलो. पुण्यात मी बारा वर्षं जर्मन शिकवत होते. इथे त्या जर्मनचं करायचं काय? मग कळलं, इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांना वाचून दाखवणारं माणूस हवंय. सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी म्हणत, मीही म्हणू लागले. जर्मनीतल्या एका छोट्या राजघराण्याचा इतिहास ते वीस वर्षं लिहीत होते — आणि आता नजर जवळजवळ गेली होती. तिकडच्या दप्तरखान्यातून आणलेले पत्रांचे फोटो मी वाचायचे आणि त्यांना जपानीत अर्थ सांगायचा.

“जुनं हस्ताक्षर लागतं ना तुम्हाला?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी हो म्हणाले. लागत होतं — अर्धंमुर्धं. पण सांगायचंय ते हे नाही.

त्या घराण्यात एक धाकटी राजकन्या होती. जन्मापासून ना बोलता येत होतं, ना चालता. तिला लांबच्या गावी एका वनरक्षकाच्या घरी ठेवलं, आणि वंशावळीत नावही घातलं नाही. लढाया, सोयरिकी, वाटण्या — सगळं सेन्सेईंनी केव्हाच लिहून टाकलं होतं. त्यांना एकच गोष्ट कळत नव्हती. आई तिला भेटायला कधी गेली का?

राणीचं त्याबद्दलचं एकच पत्र होतं. शाई पसरलेली, अक्षर घाईचं. त्या दुपारी माझ्या मुलीला ताप होता, शाळेतून फोन येऊन गेला होता, मला पुढची बस गाठायची होती. दोन शब्द लागले — ‘मूल’ आणि ‘वसंत’. बाकी? बाकी मी जुळवलं. म्हटलं, राणी लिहितेय, ‘दर वसंतात मी तिच्याकडे जाते. ती मला ओळखते.’

सेन्सेईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “योकात्ता.” बरं झालं. आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

काही महिन्यांत ते हस्ताक्षर मला नीट लागायला लागलं. एकदा ते पत्र पुन्हा काढलं. राणीने वनरक्षकाला लिहिलं होतं — मुलीबद्दल मला यापुढे काही कळवू नका. वसंतात कपडे पाठवले जातील.

तेव्हा सांगता आलं असतं ना? चुकून वाचलं, माफ करा — एवढंच तर म्हणायचं होतं. पण तोवर त्यांनी त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं होतं. मी गप्प बसले.

इथवर भित्रेपणा म्हणता येईल. पुढचं कशात मोडतं?

पुस्तक छापायला जायच्या आधी सेन्सेई म्हणाले, “ती दोन वाक्यं मूळ जर्मनमध्ये द्यायची आहेत. सावकाश सांगा, मी लिहून घेतो.” आणि मी सांगितली. बसल्या जागी रचून, जुन्या वळणाची, आता कुणी वापरत नाही असा एक शब्द मुद्दाम घालून. ते जाड पेनाने मोठाली अक्षरं काढत होते. एका शब्दापाशी अडले, तर मी स्पेलिंगही सांगितलं. आवाज जरासुद्धा हलला नाही — शिक्षिकाच मी. आज ती वाक्यं पुस्तकात राणीच्या नावावर आहेत. प्रस्तावनेत माझे आभार आहेत.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. दुसरी आवृत्ती निघतेय.

“काही दुरुस्ती आहे का?”

“नाही, सेन्सेई. काही नाही.”

त्यांनी परत एकदा आभार मानले.

त्या मुलीला तिच्या आईने टाकलं होतं. तिच्याबद्दल खरं असं तेवढंच मागे उरलं होतं, आणि ते मी पुसलं.