शनिवारी राखलेली जागा

वलवण धरणाच्या वाटेवर मी कणसं भाजते. माझ्या शेजारी एक म्हातारा आवळ्याचं सरबत विकतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो यहुदी आहे, एवढं त्यानंच सांगितलं. घोटभर पाणी पिण्याआधीही तो डोळे मिटून देवाचे आभार मानतो. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत गाडी आवरतो आणि शनिवारी येतच नाही. लोणावळ्यात खरा धंदा तर शनिवारीच होतो.

"भाऊ, डोकं फिरलंय का तुमचं?" मी एकदा विचारलं.

"मावशी, शनिवारी काम करायचं नाही, हा देवाचा हुकूम. आमच्या पूर्वजांना रानात देव रोजचं खाणं रोज द्यायचा. हावरटपणानं जास्तीचं साठवलं की त्यात किडे पडायचे. फक्त शुक्रवारी दुप्पट मिळायचं, ते शनिवारी टिकायचं."

"मग तुमाला शुक्रवारी दुप्पट गिऱ्हाईक मिळतं व्हय?"

"नाही," तो हसला. "पण उपाशी कुठं झोपलो?"

एका शनिवारी ती जागा रिकामी बघून भेळवाल्यानं गाडी लावली. रविवारी तो हटेना. म्हातारा न भांडता वरच्या चढावर जाऊन बसला. तिथं कोण थांबणार सरबताला? मग मीच भेळवाल्याला असं झापलं, की तो निमूट गाडी घेऊन गेला. तेव्हापासून शनिवारी माझी शेगडी माझ्या जागेत असते आणि माझं बसायचं स्टूल म्हाताऱ्याच्या.

काल म्हातारा म्हणाला, "बघा मावशी, देवानं जागा राखली."

"राखली की," मी म्हटलं. "पण स्टुलावर बसून बसून देवाची कंबर लय दुखतीय."