सैल झाकण

फ्रिजमधून बाटली काढली की तळाशी बसलेला पांढरा गाळ आधी दिसतो. दारू सोडवायची गोळी पाण्यात विरघळवून त्यातलं दीड मिली मी रोज सकाळी घेते. दारूसाठी नव्हे, माझंच शरीर माझे सांधे पोखरतंय म्हणून. "पुरावा फारसा नाही, पण करून बघू," डॉक्टर म्हणाल्या. बाकीचं सगळं करून झालं होतं.

पहिल्यांदा चिठ्ठी दिली तेव्हा औषधवाल्याने आवाज खाली आणला. "वहिनी, साहेबांना न सांगता चहातून देऊ नका हं." आयुष्यात बिअरही न चाखलेले माझे साहेब बाहेर स्कूटरवर बसले होते. मी "बरं" म्हटलं.

चोरून चहात गोळी घालणाऱ्या त्या बायका हल्ली डोळ्यांपुढे येतात. नवऱ्याच्या चेहऱ्यात काही फरक दिसतो का, हे त्या बघत बसत असतील. मी माझ्या बोटांकडे बघत बसते.

चार महिने झाले. आजही झाकण फिरलं नाही. मी बाटली ह्यांच्यापुढे धरली. औषध काढून झाल्यावर ह्यांनी झाकण परत लावलं आणि माझी पाठ वळलीय असं समजून हळूच थोडं सैल केलं. उद्या ते माझ्या हातून उघडावं म्हणून.

उद्या ते उघडेल. गुण आल्यासारखं मीही हसून दाखवीन.