अशोकनं गुंडाळलेली तार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही.

नामांतराची वर्षं होती ती. चिकलठाण्याला नवेनवे कारखाने उभे राहत होते, आणि विद्यापीठाच्या नावावरून आमच्या कॉलेजात बसायच्या बाकांचीसुद्धा वाटणी झाली होती. मी गंगापूरकडचा. आमच्या घरात मेंढरं सोडून कॉलेजात आलेला पहिलाच. खोलीत सोबत गावाकडचीच तीन पोरं, नामांतर नको म्हणणारी. मी? मी कुठल्याच बाजूनं बोलत नव्हतो. त्याला शहाणपण समजत होतो.

अशोक माझ्या वर्गातला, पाचोडचा. भीमगीतांच्या पार्टीत बेस गिटार वाजवायचा. गिटार स्वस्तातली, कुठल्याशा ऑर्केस्ट्रानं टाकून दिलेली. तार लावली की लगेच उतरायची, आवाजाचं बटण खरखरायचं, आणि सगळ्याखाली एक गुरगुर. मला रेडिओ दुरुस्ती थोडी यायची. आम्ही दोघांनी ती पार बदलायला घेतली. तारा पिळायच्या खुंट्या नव्या, तारा टेकतात त्या पत्र्याच्या पट्टीजागी खरादवाल्याकडून करून घेतलेली पितळेची, आतलं वायरिंग, बटणं — सगळं नवं. राहिला पिकअप. म्हणजे तारांखालचं चुंबक. त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. ती अशोकनं गुंडाळली. तो भावाकडं राहायचा, तिथं वहिनीच्या शिलाई मशीनवर, बॉबिन भरायच्या चाकावर, दोन दिवस, वेढे मोजत. मध्ये कुणी बोललं की म्हणायचा, "गप रे, आकडा सांडंल."

पहिल्यांदा वाजली तेव्हा फळीवरची भांडी थरथरली. वहिनी म्हणाल्या, "आता फोडा माझे ताटं." ते काम बघून शेजारच्या एका फोरमननं अशोकला कारखान्यात मोटारी भरायच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायच्या, कामाच्या चाचणीला बोलावलं. सोमवारी ये म्हणाला.

आणि आदल्या रविवारी नामांतराची सभा होती. गिटार शेवटच्या डागकामासाठी, सोल्डरिंगसाठी, माझ्या खोलीवर होती. अशोक म्हणाला, "तू स्टेजवर बस, ॲम्प्लिफायरपाशी. बिघडलं तर तुझ्याबिगर कोण हाय?" मी हो म्हणालो. खोलीतली पोरं हसली — "काय रे, आता तिकडून का तू?" एवढंच. कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. मला एवढंच पुरलं.

मग मी काय केलं? शनिवारी सकाळी झाकण उघडून पिकअपचं एक टोक सोडवलं. फक्त एक डाग. अशोक आला तेव्हा गिटार मुकी. म्हणालो — आतून तुटलीय, तुझी गुंडाळणी.

"मीटर लाव की परत," तो म्हणाला.

मी लावला. चुकीच्या जागी, मुद्दाम. काटा हलला नाही. तो आपल्या बोटांकडं बघत राहिला.

येत नाही, भीती वाटते — एवढं म्हणता आलं नसतं का? आलं असतं. तो हसला असता, शिवी दिली असती, दुसरा कुणी बसला असता स्टेजवर.

पार्टी बेसशिवाय गायली; मला स्टेजवर बसायचं कारणच उरलं नाही. सोमवारी अशोक चाचणीला गेलाच नाही. "एक गिटार जमंना, मोटारी काय भरणार?" म्हणाला. वर्षभरात त्यानं कॉलेज सोडलं.

पुढं काही वर्षांनी पाचोडच्या बाजारात भेटला, पोती उतरवताना. आग्रहानं घरी नेलं. पंखा बंद पडलेला. बायको म्हणाली, "उघडून बघा की जरा." तो हसला. माझ्याकडं बोट करून म्हणाला, "ह्याला सांग. माझ्या हाताला तार लागत नाय, ह्याला ठावं हाय."

मी पंखा उघडला. दुरुस्त केला. त्याच्या बायकोनं कौतुकानं दुसरा चहा दिला, आणि तो मी प्यालो.